काळ्या कड्याच्या लेकी

पाल धरायची तर तिच्याकडे बघायचं नसतं. कड्याकडे बघायचं, वरच्या झुडपाकडे बघायचं, पलीकडच्या डोंगरावर कुणाच्या मेंढ्या चढताहेत ते बघायचं, आणि हात मात्र तिच्यापाशी न्यायचा. बारीक काठीच्या टोकाला मासे धरायच्या दोऱ्याचा फास असतो. तो नाकासमोर आला की पाल पळत नाही, मान वाकडी करून त्याच्याकडे बघते, कधीकधी जीभ काढून चाटतेसुद्धा. तिला तो किडा वाटतो. मग फास मानेवरून हळूच मागे सरकवायचा आणि लेकराच्या कानातलं डूल काढावं तसं अलगद वर उचलायचं.

झारुहीला हे ह्रानुशने शिकवलं होतं, ती या घरात सून म्हणून आली त्याच्या पुढच्या वसंतात. पालींचा अभ्यास करणारी ह्रानुश राजधानीतून, येरेवानहून बसने यायची, डोक्यावर पुरुषी टोपी, ओठांत सिगारेट आणि पाठीवर कापडी पिशव्यांचं गाठोडं. झारुहीच्या सासरच्या माडीवरच्या खोलीत ती उन्हाळाभर मुक्काम ठोकायची. कडा चढायची, पाली धरायची, मापायची, परत सोडायची. तिचा हात थरथरायला लागला तेव्हा तिने घरात कुणाचा हात स्थिर आहे ते बघितलं. झारुहीचं माहेर तंबाखूच्या गावातलं. लहानपणापासून पानं सुईत ओवून ओवून तिचा हात असा झाला होता, की भरलेला पेला तळहातावर ठेवून ती जिना चढेल.

"ही मला दे," ह्रानुश सासूला म्हणाली होती. "भाकरी भाजायला तू आहेसच."

"न्या की," हायकनुश म्हणाली. "लोकांच्या सुना मेंढ्या राखतात, आमची पाली राखील. शोभेल आमच्या घराला."

गावावरून जाणाऱ्या रस्त्याच्या वर तो काळा कडा होता. दुपारपर्यंत ऊन खाणारा, भेगाभेगांचा. त्या भेगांतल्या पाली सगळ्या माद्या. एकही नर नाही. आई अंडी घालते, त्यातून लेकी निघतात, लेकी वाढून अंडी घालतात, आणि बापाचा कुठे पत्ताच नाही. ह्रानुशने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हायकनुशने छातीवर क्रूस काढला होता आणि मग डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसत सुटली होती.

"नवरा नाही म्हणजे सासूही नाही! अगं बाई, सुखात आहेत की मेल्या."

"त्यांच्या आजीच्या आजीचीही तीच नक्षी आहे पाठीवर," ह्रानुश म्हणाली. "हा कडा म्हणजे एकच बाई समज, हजारो वर्षं जगणारी. फक्त कातडी बदलत आलीय."

 त्यानंतर झारुही पाल हातात घेऊन उलटी करायची, पोटाची ती कोवळी पिवळट कातडी, बोटाखाली धडधडणारं एवढंसं काळीज बघायची, तेव्हा तिला वाटायचं, आपल्या हातात काहीतरी फार जुनं आहे आणि ते आपल्यावर भरवसा टाकून गप्प पडलंय. तिने त्यांना नावं दिली. एकीला पुढच्या पायाचं बोट नव्हतं, ती थोटी. एक सतत इतरांच्या अंगावरून चालत जायची, ती पाटलीण. आणि एक म्हातारी, जी एकदाच धरली गेली होती आणि त्यानंतर फास बघितला की भेगेत जाऊन पाठ फुगवून बसायची.

ह्रानुशचा एकच कडक नियम होता. या कड्यावरची पाल दुसऱ्या कड्यावर जाता कामा नये. पिशवीत चुकून जरी राहिली, तरी परत चढून जिथली तिथे सोडायची. "मिसळलं की संपलं," ती म्हणायची. झारुहीने ते पाळलं. का, ते तिने विचारलं नाही. तिला वाटलं, मापं घेणाऱ्या बाईची मोजणी बिघडत असेल. भाकऱ्यांची चळत दोघींनी मिळून मोजली की कशी चुकते, तसं काहीतरी.

लग्नाला वर्षं झाली तरी झारुहीची कूस उजवेना. गावाच्या वरच्या अंगाला, पडक्या देवळाच्या भिंतीपाशी, बेंबीचा दगड होता. मूल हवं असलेल्या बायका त्यावर पोट टेकवून पडायच्या, मग एक खडा थुंकी लावून दगडाला चिकटवायच्या. खडा चिकटून राहिला तर दगडाने ऐकलं. हायकनुशने सुनेला तिथे नेलं तेव्हा झारुहीला लाज वाटली होती. दगड उन्हाने तापलेला होता, आतून कुणीतरी श्वास घ्यावा तसा. तिचा खडा चिकटला. आणि पुढच्या वर्षी नाझिक झाली.

त्यानंतर झारुही कड्यावर जायची ती नाझिकला पाठीशी बांधून. पोर रडली की सावलीत बसून पाजायची. काठी मांडीवर, डोळे भेगेकडे. ह्रानुश खाली बसून सिगारेट ओढायची आणि म्हणायची, "बघ, सगळा कडा बायांचा आणि आपण तिघी. एक पुरुष चुकून आला तर दचकून खाली पडेल."

पुढच्या वसंतात ह्रानुश आली नाही.

बर्फ वितळला, झुडपांना पालवी आली, कड्यावर पहिल्या पाली डोकी काढून उन्हात बसल्या, तरी बसमधून ती टोपी उतरेना. त्याच दिवसांत वचागान, झारुहीचा नवरा, संध्याकाळी घरी आला तो डंपरच्या धुळीने पांढरा होऊन. रस्ता रुंद करायचं काम सुरू झालं होतं आणि त्याला तिथेच गाडीवर घेतलं होतं. त्याने सगळं लक्ष जेवणातच आहे असं दाखवत दह्याचा वाडगा फिरवला.

"झारो, तुझा तो कडा उडवणार आहेत."

"कुठला कडा?"

"किती कडे आहेत तुझे? काळा. आज सुरुंगाची भोकं पाडायला मशीन लागलं खालच्या वळणाला. कड्याचा नंबर पुढच्या आठवड्यात."

हायकनुशचा हात भाकरीवर थांबला. तिने सुनेकडे बघितलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

झारुही दुसऱ्या दिवशी पोस्टात गेली आणि येरेवानला फोन लावून घेतला. फोन ह्रानुशच्या भाचीने उचलला. मावशीचं ऑपरेशन झालंय, म्हणाली, पोटाचं. बोलू शकत नाही, पण शुद्धीवर आहे, विचारते सगळ्यांबद्दल. पालींबद्दलही विचारत होती. "काही निरोप सांगू का?"

पोस्टातली बाई ऐकत होती. नाझिक फोनची वायर ओढत होती. झारुहीला टाके घातलेलं ते पोट दिसलं. अशा बाईला सांगायचं, की तुमचा कडा आठवडाभरात राहणार नाही? ती उठून बसेल. टाके उसवतील.

"सांगा, सगळं ठीक आहे," झारुही म्हणाली. "सांगा, पाली उन्हात बसल्यात. सांगा, मी बघतेय त्यांच्याकडे."

परतताना तिने ठरवलं, सगळ्यांना हलवायचं. आता कडाच राहणार नाही तर मोजणी कसली आणि नियम कसला? जीव वाचले पाहिजेत. ह्रानुश बरी होऊन आली की तिला नेऊन दाखवायचं, या बघा तुमच्या लेकी, एकही दगडाखाली जाऊ दिली नाही. कुठे न्यायचं याचा विचार तिला करावाच लागला नाही. तिच्या माहितीत भरल्या ओटीची जागा एकच होती.

ते दिवस तिने पुढे कितीदा आठवले असतील. पहिल्या सकाळी ढग होते, पाली बाहेरच आल्या नाहीत, आणि खाली मशीन दगडात घुसत असल्याचा आवाज पायांतून वर येत होता. दुपारी ऊन पडलं आणि तिने आयुष्यात धरल्या नव्हत्या इतक्या झपाट्याने पाली धरल्या. पिशव्या गार पडू नयेत म्हणून तिने त्या गळ्यात अडकवून झग्याच्या आत सोडल्या. दुधाने जड झालेल्या छातीवर ती बारीक नखं कापडातून खरवडत होती. नाझिक घरी सासूपाशी रडत असेल हे कळत होतं, दूध झग्यातून पाझरत होतं, तरी ती उतरली नाही. म्हातारी शेवटच्या दिवशीही आली नाही. झारुहीने भेगेत हात घातला, कोपरापर्यंत खरचटून घेतला. बोटांना तिची फुगवलेली पाठ लागत होती, पण ती हाती लागेना.

"ये गं बाई," ती भेगेत तोंड घालून म्हणाली. "एवढा कसला हट्ट?"

खालून वचागानने हॉर्न वाजवला. सुरुंगाआधी माणसांनी दूर व्हायची शिट्टी झाली होती.

त्याने तिला आणि पिशव्यांना डंपरमध्ये बसवून देवळापर्यंत नेलं. मुकादमाने पाहिलं असतं तर काम गेलं असतं, पण रस्ताभर तो हसत होता. "आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या बायका गाडीत घेतल्या आणि एकीनेही वळून पाहिलं नाही." बेंबीच्या दगडाच्या भिंतीवर तिथल्या पाली आधीच ऊन खात होत्या. त्या वेगळ्या, दांडग्या, त्यांच्यात हिरव्या पाठीचे नर होते. पिशव्या सुटल्या आणि नवख्या पाली दगडावर क्षणभर चिकटून राहिल्या. एक हिरवा भिंतीवरून खाली आला, मान वरखाली करत.

"घे," वचागान म्हणाला, "हजारो वर्षांनी स्थळ सांगून आलं. लग्न लावूनच जाऊ या."

"चूप," झारुही म्हणाली, आणि हसली. तिला खरंच बरं वाटलं होतं. एकट्या होत्या बिचाऱ्या, सोबत मिळेल.

कडा उडाला तेव्हा ती नाझिकला पाजत होती. पोरीने दचकून स्तन सोडला आणि आवाज न काढता आईकडे बघत राहिली. मग धूळ खिडकीत आली.

ह्रानुश उन्हाळा सरताना आली. टोपीच्या जागी रुमाल होता, हातात सिगारेट नव्हती, आणि वचागानने तिला बसमधून जवळजवळ उचलूनच उतरवलं. रस्त्यावरून येताना तिने काळ्या कड्याची जागा पाहिली होती.  झारुहीला मात्र घाई झाली होती. कधी एकदा वर नेते आणि दाखवते.

"तुम्ही बसा तर गाडीत, ह्रानुश जान. रडायचं नाही. तुमच्यासाठी काहीतरी ठेवलंय."

देवळापाशी ऊन तिरपं झालं होतं. भिंतीवर थोटी बसली होती, ऐटीत. भिंतीच्या पायाशी दगडांमधून नवी पिलं पळत होती, काडीएवढी, चकचकीत. झारुहीने हात पसरला, जत्रेतलं दुकान दाखवावं तसा.

"बघा. म्हातारी तेवढी राहिली. बाकी सगळ्या आणल्या. आणि बाळंतही झाल्या!"

ह्रानुश बराच वेळ भिंतीकडे बघत होती. हिरवा नर दगडाच्या टोकावर चढून बसला होता. मग ती म्हणाली, "थोटीला धर."

झारुहीने धरली. ह्रानुशने तिला तळहातावर उलटी केली. पोटाच्या दोन्ही बाजूंना कमानीसारखी दातांची ओळ उमटली होती, बरी होऊन काळपट पडलेली.

"दुसरी धर."

पाटलिणीच्या पोटावर तसंच होतं. आणखी एकीच्या. आणखी एकीच्या. ऊन उतरेपर्यंत झारुही धरत राहिली आणि प्रत्येक वेळी ह्रानुश पोट बघून पाल खाली सोडायची, फार सांभाळून.

"जुगताना नर मादीला असा चावून धरतो," ती शेवटी म्हणाली.

"मग? चावेना का. पिलं तर झाली."

"झाली." ह्रानुश बेंबीच्या दगडावर टेकली, पोटावर हात ठेवून. "यांना नर लागत नाही, पोरी. पण मिळाला तर त्या नाही म्हणत नाहीत. मग जी पिलं होतात ती अशी होतात, आईहून मोठी, आईहून देखणी. वाढतील, ऊन खातील. आणि त्यांच्या पोटी काही धरणार नाही. कधीच नाही. त्यांच्यापाशी ती ओळ संपते."

झारुहीच्या हातात काठी होती. तिला ती कुठे ठेवावी हे कळेना.

"म्हणून म्हणायचात तुम्ही, मिसळलं की संपलं?"

"म्हणून."

"मला वाटलं, मोजणी…"

"मी तुला कधी सांगितलंच नाही," ह्रानुश म्हणाली. "इतकी वर्षं तुझा हात वापरला. तू विचारलं नाहीस आणि मला बरं वाटलं, की ही विचारत नाही."

"फोनवर निरोप विचारला होता तुमच्या भाचीने," झारुही म्हणाली.  "मी म्हटलं, सगळं ठीक आहे."

"तिने सांगितलं मला. मी त्या रात्री चांगली झोपले."

वचागान गाडीपाशी उभा होता. त्याने ऐकलं होतं. त्या दिवशी त्याने गंमत केली नाही, आणि नंतर कधी पालींचा विषय निघाला की तो उठून अंगणात जायचा.

ह्रानुशने सांगितलं, एकच वाट आहे. आया अजून जिवंत आहेत. त्यांना नरांपासून दूर ठेवलं तर पुढच्या वर्षी त्या आपली आपली अंडी घालतील, खऱ्या लेकी होतील. पण जागा हवी. खोल भेगा, दुपारपर्यंतचं ऊन, आणि जिथे दुसरं कुणी नाही अशी. आसपासच्या प्रत्येक कड्यावर कुठल्या ना कुठल्या पाली राहत होत्या. रिकामी जागा एकच उरली होती, उडवलेल्या काळ्या कड्याचा ढिगारा. सुरुंगाने सगळं साफ केलं होतं तिथलं.

उन्हाचे थोडेच दिवस राहिले होते. झारुहीने त्या दिवसांत जेवढ्या आया धरता आल्या तेवढ्या धरल्या. काही सापडल्याच नाहीत. थोटी सापडली, पाटलीण सापडली. ढिगाऱ्यात सोडताना ती हाताने दगड हलवून पोकळ्या शोधत होती, त्यात वाळलेलं गवत कोंबत होती. हायकनुश नाझिकला कडेवर घेऊन रस्त्यात उभी होती. जाणारे-येणारे बघत होते.

"काय करतेय गं तुझी सून?"

"घर बांधतेय," हायकनुश म्हणाली. "तुला काय त्रास?"

कड्याच्या भेगा डोंगराच्या पोटापर्यंत जायच्या, तिथे गारठा पोचत नसे. ढिगाऱ्याला पोट नव्हतं. त्या हिवाळ्यात बर्फ उशिरा पडला आणि त्याआधी कोरडी थंडी पडली, दगड तडकावणारी. झारुही रात्री नाझिकच्या अंगावर गोधडी घालायची, तिचे पाय आपल्या मांड्यांमध्ये धरायची, आणि तिला दगडाखालचं वाळलं गवत आठवायचं. वसंतात ती ढिगाऱ्यापाशी जाऊन बसली. ऊन आलं, दगड तापले, मुंग्या निघाल्या. ती रोज बसली. मग खालचे दगड उलटून बघू लागली आणि एका दगडाखाली थोटी सापडली, कागदासारखी हलकी. त्यानंतर तिने दगड उलटले नाहीत.

देवळाच्या भिंतीवर राहिलेल्या आयांच्या पोटावर त्या वसंतात नव्या खुणा उमटल्या. पुढच्या वर्षी आया कमी दिसल्या, त्याच्या पुढच्या वर्षी दिसल्याच नाहीत. त्यांच्या लेकी मात्र वाढल्या. ह्रानुशने सांगितल्या होत्या तशाच, भरदार आणि चमकदार, दगडावर बसल्या की गावातल्या बायका थांबून बघायच्या.

ह्रानुशचा उन्हाळ्यात एकदा फोन यायचा. ती एवढंच विचारायची, "एखादी?"

"नाही, ह्रानुश जान."

"बरं. नाझिक काय म्हणते?"

मग एका हिवाळ्यात भाचीचा फोन आला.

तरीही अंडी घालायचे दिवस आले की झारुही काठी घेऊन वर जाते. ह्रानुश शिकलेली होती, पण माणूसच होती. चुकली असेल. एखादी तरी असेल. ती भिंतीवरच्या थोराड मादीकडे न बघता डोंगराकडे बघते, फास सरकवते, उचलते, उलटी करते, आणि अंगठ्याने पोट चाचपते. अंडी असली तर वाटाण्यासारखी लागतात, एकामागे एक. ती जाणीव तिच्या अंगठ्यात अजून आहे. पोट मऊ लागतं. सगळीकडे सारखंच मऊ. ती पुन्हा एकदा चाचपते, अगदी हलक्या हाताने, कारण दाबलं तर दुखेल.

या वर्षी तशीच एक तिच्या हातात होती तेव्हा पलीकडच्या गावाहून एक सासू आणि तिची सून आल्या. सून कोवळी होती, नव्या बुटांनी पाय चावलेले. सासूने दगडावर रुमाल अंथरला आणि झारुहीला पाहून तिचा चेहरा खुलला.

"तुम्हीच ना? याच दगडामुळे मुलगी झाली म्हणतात तुम्हाला."

"हो," झारुही म्हणाली. "मीच."

"ऐकलंस?" सासू सुनेला म्हणाली. "आणि बघ, पाली बघ किती! काय अंग आहे एकेकीचं. जागाच तशी आहे. नुसत्या वास्तव्याने कूस भरते."

सुनेने पालीकडे बघितलं, मग झारुहीच्या मुठीकडे. ती जवळ आली आणि सासूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "खरं आहे का, ताई? यांना पाहिलं की गुण येतो?"

मुठीत ते एवढंसं काळीज धडधडत होतं.  पोर वाट बघत होती, डोळ्यांची पापणीही न हलवता.

"दगड अजून गार आहे," झारुही म्हणाली. "घाई करू नकोस. थोडं ऊन येऊ दे, मग पोट टेकव."

सून मान हलवून दगडाशेजारी बसली. झारुहीने मूठ उघडली. पाल लगेच गेली नाही. सकाळचा गारवा होता आणि तळहात उबदार होता, म्हणून ती तिथेच बसून राहिली.